चार दिवसांचं दूध, वर्षभराचं दूध

उत्तर अटलांटिकमधल्या तरंगत्या बर्फावर मार्चच्या सुमारास हूडेड सीलची मादी विते. पिल्लू एकच, पण जन्मतःच वीस किलोंहून जड. आई त्याला पाजते ते फक्त चार दिवस. सस्तन प्राण्यांत याहून लवकर कुणीच पिल्लाचं दूध तोडत नाही. पण ते दूध केवढं कसदार! त्यात सुमारे 60 टक्के चरबी असते. माणसाच्या दुधात ती 4 टक्क्यांच्या आसपास. चार दिवसांत पिल्लाचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. आई मात्र तेवढे दिवस उपाशी असते, स्वतःच्या अंगावरची चरबीच ती दुधावाटे पिल्लाला देते. पायाखालचा बर्फ केव्हा फुटेल याचा नेम नसतो, म्हणून ही घाई.

ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत माळावरच्या तांबड्या कांगारूचं सगळंच वेगळं. तेहतीस दिवसांत जन्मणारं तिचं पिल्लू एक ग्रॅमही भरत नाही. डोळे मिटलेले, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. तरी पुढच्या पायांनी आईचे केस धरत ते स्वतःच पिशवीपर्यंत चढतं आणि सड तोंडात घेतं. पिशवीत सुमारे आठ महिने, आणि दूध सुटायला जवळपास वर्ष.

याला अर्धवट राहिलेलं गर्भारपण म्हणणं मला पटत नाही. सीलमध्ये जे काम वार, म्हणजे गर्भाला आईकडून पोषण पोहोचवणारा अवयव, करते, त्यातलं बरंचसं इथे दूध करतं. पिल्लू वाढेल तसा दुधाचा कस बदलत जातो. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे, पिशवीबाहेरचं थोरलं एका सडाला आणि नुकतं जन्मलेलं दुसऱ्या सडाला असेल, तर दोघांना एकाच वेळी वेगवेगळं दूध मिळतं. रक्तातली संप्रेरकं तीच, तरी प्रत्येक स्तनग्रंथी आपल्या पिल्लाच्या वयाप्रमाणे चालते.

शिवाय कांगारू आई दूध थोडं थोडं देते. दुष्काळात पिशवीतलं पिल्लू दगावलं तरी ती स्वतः तगते, आणि बहुधा तिच्या गर्भाशयात दुसरा गर्भ थांबलेला असतो. सुमारे 100 पेशींचा झाल्यावर त्याची वाढ थबकते, आणि पिशवीतल्या पिल्लाचं दूध ओढणं थांबलं किंवा कमी झालं की पुन्हा सुरू होते.

सीलही गर्भ थांबवते. पिल्लाला सोडताच तिचं मीलन होतं, पण गर्भ काही महिने रुजत नाही. त्यामुळे पुढचं पिल्लूही मार्चच्याच सुमारास जन्मतं, बर्फ असतो तेव्हा.