अपोस्टिल: आधी देश बघा, मग कागद काढा

परदेशी विद्यापीठाचा ईमेल येतो, 'डिग्री अपोस्टिल करून आणा', आणि घरात लगेच एजंटची शोधाशोध सुरू होते. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही-मोहोर खरी असल्याचा, परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का. त्याआधी एकच गोष्ट विचारा: कागद ज्या देशात दाखवायचा आहे, तो देश भारताचं अपोस्टिल मानतो का?

अपोस्टिल आलं ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून. भारतासाठी तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल यांच्याशी हे जमतं. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करणाऱ्या गोवेकरांना हा शिक्का चांगलाच परिचयाचा आहे. कॅनडात करार ११ जानेवारी २०२४ ला लागू झाला, त्यामुळे आधी तिकडे गेलेल्या नातेवाइकांचा सल्ला आता जुना झाला. यूएई, कुवेत, कतार करारात नाहीत. तिथे वकिलातीचाही शिक्का लागतो. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशावर त्याने हरकत घेतली, म्हणून जर्मनीसाठी त्यांच्या वकिलातीची पद्धत आधी विचारून घ्या.

पात्रता माणसाची नव्हे, कागदाची असते. कागद भारतात, अधिकृत संस्थेने दिलेला हवा. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाचा दाखला अमेरिकेतच अपोस्टिल होतो, मुंबईत नाही.

भारतात अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय देतं, पण मूळ कागद थेट तिकडे जात नाही. जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले आधी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून, पदवी-गुणपत्रिका राज्याच्या शिक्षण विभागाकडून आणि व्यापारी कागद चेंबर ऑफ कॉमर्सकडून साक्षांकित करून घ्यावे लागतात. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीमार्फत ते पुढे जातात. मूळ कागद, त्याची झेरॉक्स, पासपोर्टची प्रत आणि दुसरं कोणी जमा करणार असेल तर अधिकारपत्र, एवढी तयारी ठेवा. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये, एजन्सीचं सेवाशुल्क वेगळं. विद्यापीठ ई-सनद या कागद साक्षांकनाच्या सरकारी पोर्टलवर असेल तर काम ऑनलाइन होतं. आधी तेच तपासा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जन्मदाखल्यात. जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी असते, किंवा आईचं नाव माहेरचं असतं आणि पासपोर्टवर सासरचं. ही दुरुस्ती अपोस्टिलच्या टेबलावर होत नाही. ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे जाऊन नाव घालून घ्या, नवा दाखला काढा आणि मगच पुढे निघा.

शिक्का हातात आला की नीट वाचा. वर फ्रेंच शीर्षक, खाली क्रमांक घातलेले दहा मुद्दे: देश, सही कोणाची, कोणत्या हुद्द्यावरची, तारीख, नोंदणी क्रमांक. तो फक्त सही, हुद्दा आणि मोहोर खरी असल्याचं सांगतो. मजकुराची हमी तो देत नाही, म्हणून चुकीचं स्पेलिंग शिक्क्यासकट चुकीचंच राहतं.

अपोस्टिलचा करार ज्या हेग परिषदेने केला, तिचे आणखी काही करार भारताने स्वीकारले आहेत. दत्तकविषयक १९९३ चा करार २००३ मध्ये मंजूर झाला; परदेशातले अनिवासी भारतीय दत्तक घेतात ते या चौकटीत, कारा या केंद्रीय संस्थेमार्फत. परदेशात समन्स बजावण्याचा आणि पुरावे घेण्याचा, असे दोन्ही करार भारतात २००७ पासून लागू आहेत.

एका करारात मात्र भारत अजून नाही: मुलांना बेकायदा दुसऱ्या देशात घेऊन जाण्याविषयीचा १९८० चा करार. विधी आयोगाने २००९ च्या अहवालात त्यात सामील होण्याची शिफारस केली होती. या उणिवेची झळ थेट मुलांना लागते. समजा, एक पालक मुलाला ह्यूस्टनहून पुण्यात घेऊन आला, तर तिथला ताबा-आदेश इथे आपोआप अंमलात येत नाही. दुसऱ्या पालकाला उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याची, याचिका करावी लागते आणि मुलाचं हित कशात आहे हे न्यायालय नव्याने तपासतं. या दुसऱ्या पालकाने भारतात येण्यापूर्वी त्या आदेशाची प्रमाणित प्रत तिथेच अपोस्टिल करून सोबत आणावी.