डिव्हिलियर्स, ड्यू प्लेसी आणि 'फ्रेंचांचा कोपरा'

आयपीएलमुळे एबी डिव्हिलियर्स आणि फाफ ड्यू प्लेसी ही नावं आपल्याकडे घरोघरी पोचली. त्याआधीच्या पिढीला हॅन्सी क्रोनिए आठवत असेल. तिघांची मातृभाषा आफ्रिकान्स, म्हणजे डचची लेक. आडनावं मात्र फ्रेंच. हे असं कसं झालं, याची गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये सुरू होते.

1598 मध्ये चौथ्या हेन्रीने नांतच्या फर्मानाने फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना, म्हणजे ह्युगनॉटांना, काही हक्क दिले होते. चौदाव्या लुईने 1685 च्या ऑक्टोबरात ते फर्मान रद्द केलं. त्याआधीपासूनच ह्युगनॉटांच्या घरात सैनिक आणून बसवले जात. खाणंपिणं, धुडगूस, सगळं घरमालकाच्या जिवावर, तो कॅथलिक होईपर्यंत. रद्द झाल्यावर पाद्र्यांना देश सोडायला पंधरा दिवस दिले आणि सामान्य माणसांना मात्र देश सोडायलाच बंदी. पळताना सापडलेला पुरुष थेट गलबतावर वल्ही मारायला जायचा. तरीही सुमारे 2 लाख लोक निसटले.

त्यातले पुष्कळ हॉलंडला गेले. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 पासून आफ्रिकेच्या टोकाला, केपला, बस्तान मांडलेलं होतं. बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) जाणाऱ्या जहाजांना तिथे धान्य, मांस, वाइन लागायची आणि पिकवायला हात कमी पडत होते. कंपनीने निर्वासितांना फुकट प्रवास आणि जमीन देऊ केली. अट अशी की कंपनीशी इमान राखायचं आणि निदान पाच वर्षं तिथेच राहायचं. 1688 च्या एप्रिलपासून जहाजं केपला लागू लागली. दोनेक वर्षांत उतरलेली माणसं जेमतेम दोनशेच्या आत. 1689 मध्ये पियेर, अब्राहम आणि जाक हे तीन डिव्हिलियर्स भाऊ आले. या तिघांना द्राक्षमळ्यांची चांगली जाण आहे, असं कंपनीच्या पत्रातच लिहिलं होतं. (आपल्या एबीतला 'ए'ही अब्राहमचाच.)

त्यांना जमिनी मिळाल्या त्या स्टेलेनबॉश आणि ड्राकेनस्टाइनच्या खोऱ्यात. तिथल्या 'हत्तींच्या कोपऱ्या'चं नाव पुढे 'फ्रान्सहुक' पडलं, फ्रेंचांचा कोपरा. पण ही जमीन काही मोकळी पडलेली नव्हती. खोइखोइ पशुपालकांची ती चराऊ कुरणं होती आणि मळ्यांवर राबायला गुलाम आले. मादागास्करचे होते, तसे बंगाल आणि मलबारचेही. स्वतः हाकलले गेलेले लोक दुसऱ्यांना हाकललेल्या जमिनीवर बसले, हे फ्रान्सहुकच्या वाइनच्या कौतुकात सहसा येत नाही.

भाषेचं काय झालं, ते जास्त चटका लावणारं आहे. गव्हर्नर सिमॉन फान डेर स्टेलने त्यांना एकगठ्ठा वसू दिलं नाही, डच शेतकऱ्यांमध्ये विखरून टाकलं. 1689 मध्ये पाद्री पियेर सिमॉन वेगळं चर्च मागायला गेला तेव्हा फान डेर स्टेल भडकला. चर्च पुढे हॉलंडच्या परवानगीने मिळालं, पण 1701 मध्ये कंपनीचा हुकूम आला की शाळेत डचच शिकवायची. पाद्री सिमॉननंतर प्रवचनंही डचमध्ये. 1750 नंतर लगेचच केपला आलेल्या ला काय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला फ्रेंच बोलणारी फक्त म्हातारी माणसं भेटली. उरली ती शेतांची नावं आणि आडनावं. त्यांचेही उच्चार बदलले: ल क्लेर हे डी क्लर्क झालं.

फ्रान्सहुकमधल्या ह्युगनॉट स्मारकात तीन कमानींसमोर एक बाई उभी आहे. एका हातात बायबल, दुसऱ्या हातात तुटलेली साखळी. त्याचं अनावरण 1948 च्या एप्रिलमध्ये झालं. पुढच्याच महिन्यात निवडणूक जिंकून ज्यांनी वर्णभेदाचं राज्य आणलं, त्या मलान यांचंही आडनाव ह्युगनॉटांचंच. 1990 मध्ये मंडेलांच्या सुटकेचा निर्णय जाहीर करणारे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्कही त्याच वंशावळीतले. मंडेला ज्या तुरुंगातून चालत बाहेर आले, तो पार्ल आणि फ्रान्सहुकच्या मधल्या रस्त्यावर आहे. आता त्याचं नाव ड्राकेनस्टाइन.