मासे आणि दुधाने कोड उठतं का?

‘मासे खाऊन दूध प्यायलं की अंगावर पांढरे डाग उठतात.’ रत्नागिरी-मालवणकडे हे घरोघरी सांगतात, आणि मुलांच्या काळजीपोटीच सांगतात.

कोडात होतं असं : त्वचेला रंग देणारं मेलॅनिन ज्या पेशी तयार करतात, त्यांच्यावर शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती हल्ला करते. त्या पेशी नष्ट झाल्या की तिथली त्वचा पांढरी पडते. काहींच्या जनुकांतच तशी प्रवृत्ती असते. ही प्रतिकारशक्ती त्या जागेपुरती शांत करणारं रुक्झोलिटिनिब हे मलम अमेरिकेत २०२२ साली कोडासाठी मंजूर झालं.

मासे-दुधाचा यात संबंध नाही, याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. कोड झालेल्या ओळखीच्या माणसांत जन्मभर शाकाहारी असलेलं कोणी आहे का, आठवून पाहा. उलट, दुधाच्या सॉसमध्ये मासे शिजवणाऱ्या युरोपातही कोड सर्रास उठत नाही.

मग मासे खाऊन अंगावर काहीच उठत नाही का? उठतं. बर्फाविना राहिलेल्या बांगडा, कुपा (ट्यूना) अशा माशांत हिस्टामिन नावाचं रसायन साठतं. ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ला की बहुधा तासाभरात अंग लाल होतं, खाज सुटते, पण साधारण दिवसभरात ओसरतं. माशांची अ‍ॅलर्जी वेगळी, तीही खरी. पण ही पुरळ लाल असते, कोड नव्हे. या समजुतीचं मूळ कदाचित इथेच असावं.

कोड स्पर्शाने पसरत नाही. त्यावरून लग्नं मोडतात, याचं फार वाईट वाटतं.

फिकट डागावर स्पर्श कळत नसेल, तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.