मोहरीचा दाणा (ख्रिस्ती संकल्पना)

श्रद्धेने केलेली लहानशी कृतीही देवाच्या हाती मोठ्या बदलाचे बीज ठरते, ही ख्रिस्ती धारणा. तिचे नाव येशूच्या दृष्टांतावरून आले आहे (मत्तय १३:३१-३२): मोहरीचा दाणा सगळ्या बियांत लहान, पण रोप वाढले की आकाशातली पाखरे त्याच्या फांद्यांत वस्तीला येतात. आपल्याला मोहरी फोडणीतली ठाऊक; पॅलेस्टाइनमधली काळी मोहरी मात्र पुरुषभर उंचीच्याही वर जाते. विधवेच्या दोन नाण्यांचा प्रसंग, पिठातल्या खमिराचा दृष्टांत हेही याच अर्थाने सांगितले जातात. पण मोहरीच्या दृष्टांतात पाखरे आहेत, आणि दाणा पेरणारी ती नव्हेत. मुंबईतल्या अमेरिकन मिशनचा अनुभव समजून घ्यायला हा तपशील फार मोलाचा आहे.

१८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात सापडले. गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी परदेशातल्या सेवाकार्यासाठी प्रार्थना केली. घडले ते एवढेच. त्या प्रेरणेतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था उभी राहिली आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईच्या किनाऱ्याला लागले. हॉल त्याच कॉलेजचे, गंजीपाशी मात्र ते नव्हते. कंपनी सरकारला मिशनरी नको होते; दोघांना परत पाठवायचे घाटत होते. तरी हॉल राहिले, मराठी शिकले.

त्यांच्या हयातीत बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतके. मार्च १८२६ मध्ये नाशिक भागात पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती. जवळची बहुतेक औषधे हॉलनी आजाऱ्यांना वाटून टाकली आणि त्याच पटकीने त्यांचा अंत झाला. वय ४१. त्या दिवशी कोणी हिशेब मांडला असता, तर पदरात फारसे काही पडले नाही असेच म्हटले असते.

पण काम रुजले होते. मिशनने १८१७ पासून मुंबईत मराठी छपाई चालवली होती. १८२४ मध्ये तिने शहरात मुलींची शाळा काढली. मुलीने अक्षर गिरवणे हेच तेव्हा नवल होते. पुढे मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, पाडले. मिशनची छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेस (दगडावरून छापणारा छापखाना) उभा केला आणि त्यावर पंचांग छापले.

याच मिशन छापखान्यात दहा वर्षांचा एक मुलगा दोन रुपये महिन्यावर खिळे घासायला लागला. तो जावजी दादाजी. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या खिळ्यांनी देवनागरीला देखणे रूप दिले. त्याच्या संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या अभ्यासक आजही प्रमाण मानतात.

जावजी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांचा छापखाना पंचांगावरून ओळखला गेला. काहींना हे मिशनचे अपयश वाटते. दृष्टांत नीट वाचला तर तसे म्हणता येत नाही. पाखरे फांदीवर घरटे बांधतात ती आपापल्या काड्यांनी, आणि येशूने झाडाचे वर्णन संपवले ते त्या पाखरांपाशीच.