तारामतीसाठी रडताना

अतिदक्षता विभागात पडून असलेल्या लहान मुलाला गोष्ट सांगितली, तर त्याचं दुखणं खरंच कमी होतं का? ब्राझीलमधल्या संशोधकांनी ८१ मुलांवर हे तपासलं आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांना अर्धा तास गोष्ट सांगितली, बाकीच्यांना तेवढाच वेळ कोडी घातली. आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेतले. कोड्यांनीही मुलांना बरं वाटलंच. पण गोष्ट ऐकलेल्या मुलांमध्ये ताणाशी निगडित कॉर्टिसोल जास्त उतरलं, जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं ऑक्सिटोसिन जास्त वाढलं, वेदनाही अधिक कमी झाल्या. म्हणजे नुसत्या सोबतीपलीकडे गोष्टीचं स्वतःचं काही काम होतं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं: नर्सचं चित्र दाखवल्यावर ही मुलं तिच्याविषयी जास्त आपुलकीने बोलली.

मानसशास्त्रज्ञ कीथ ओटली कथेला खऱ्या आयुष्याची मनात चालणारी प्रतिकृती मानतात. प्रसंग खोटा, भावना मात्र खऱ्या. आणि प्रसंग खोटा असल्यामुळेच त्या भावनांजवळ जायची भीती वाटत नाही.

सिंधुदुर्गात हे जत्रेच्या रात्री दिसतं. देवळासमोर दशावतार हे कोकणातलं लोकनाट्य उभं राहतं. पखवाज, झांज, पेटी. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे प्रेक्षक हेलावले की करुण प्रसंग तिथेच थोडा लांबवता येतो. हरिश्चंद्राची राणी तारामती आपल्या मेलेल्या मुलाला, रोहिदासाला, मांडीवर घेते, आणि नवरा समुद्रावरून परत न आलेली एखादी बाई पदराने डोळे पुसते. स्वतःच्या दुःखावर चारचौघांत रडणं तिला जमलेलं नसतं. तारामतीसाठी मात्र ती मोकळी रडते, शेजारणीही रडत असतात, आणि समोर ग्रामदैवत असतं. माझ्या मते या तिन्हींमुळे मन हलकं होतं. एकट्याने वाचलेल्या कथेत यातलं पहिलंच मिळतं.

गोष्ट औषधाची जागा घेत नाही. खोल नैराश्यात डॉक्टरांकडेच जायला हवं. पण कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रं दाखवत कथा गाणारे चित्रकथीकार आहेत, आणि पावसाळ्यात दशावताराचे प्रयोग थांबलेले असतात. त्या महिन्यांत कोकणातल्या रुग्णालयांनी या कलावंतांना मानधन देऊन बालरुग्ण विभागात बोलवावं.