ऑक्टोपसचं डोकं नेमकं कुठं असतंय?

सावकारीचा ऑक्टोपस, ड्रग्जचा ऑक्टोपस, अतिक्रमणाचा ऑक्टोपस. कोल्हापुरात पेपर वाचणाऱ्याला हा प्राणी अधनंमधनं हेडलाईनमध्ये भेटतोच, आणि खाली ठरलेलं चित्र: मधे एक टकलं डोकं, सूत्रधाराची नजर, आठ हात शहरभर पसरलेले. घाट उतरल्याशिवाय आपल्याला समुद्र नाही, त्यामुळं बहुतेकांची ऑक्टोपसशी ओळख कागदावरचीच. पण हे चित्र चुकीचं आहे राव, आणि हातांपेक्षा डोक्याच्या बाबतीत जास्त चुकीचं आहे.

दोष एकट्या आपल्या पेपरांचा नाही. व्हिक्टर ह्यूगोनं १८६६ च्या 'टॉयलर्स ऑफ द सी'मध्ये गुहेतला ऑक्टोपस असा रंगवला की तो माणसाला चक्क शोषून घेतो. १८७५ मध्ये ब्रायटन मत्स्यालयाच्या हेन्री लीनं अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की बाबांनो, त्या चिकटणाऱ्या वाट्या, म्हणजे सकर, धरून ठेवायला असतात, रक्त प्यायला नव्हे, खायचं काम चोचीचं. ऐकतंय कोण! १८७७ च्या एका व्यंगनकाशात रशिया ऑक्टोपस झाला, १९०१ मध्ये फ्रँक नॉरिसच्या कादंबरीत कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्यांना गिळणारी रेल्वे ऑक्टोपस झाली, आणि तिथनं पुढं जगात जो कुणी सगळं एका जागेवरनं चालवतोय तो ऑक्टोपस.

आता खरा ऑक्टोपस बघा. त्याच्याकडं साधारण ५० कोटी न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, असतात, त्यातले जवळपास दोन तृतीयांश डोक्यात नसतातच, ते हातांत असतात. प्रत्येक हाताच्या मधनं एक जाड मज्जारज्जू जातो, त्याला सकरमागं एक अशा मज्जापेशींच्या गाठी, आणि सकर नुसता चिकटत नाही तर चवपण घेतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की मेंदूपासनं तोडलेल्या हाताच्या मज्जारज्जूला विजेचा हलका झटका दिला तरी तो हात जिवंत ऑक्टोपससारखाच पुढं झेपावतो, म्हणजे वाक मुळापासनं टोकाकडं सरकत जातो. मेंदू फक्त 'आण ते' म्हणतो. पोराला भेळ आणायला पाठवलं की कुठल्या बोळातनं जायचं ते पोरगंच ठरवतंय, तसं.

आणि माझा सगळ्यात आवडता भाग पुढं आहे. हाताला हाड नाही, सांधा नाही, तो कुठंही वाकू शकतो, मग टोकाजवळ धरलेला खेकडा तोंडापर्यंत आणायचा कसा? तर ऑक्टोपस तेवढ्यापुरतं कोपर तयार करतो! खेकडा जिथं चिकटलाय तिथनं स्नायूंच्या हालचालीची एक लाट मुळाकडं निघते, दुसरी मुळाकडनं टोकाकडं निघते, आणि दोन्ही जिथं भिडतात तिथं हात कोपरासारखा वाकतो. दोन्ही लाटांचा वेग सारखा धरला तर भेट बरोबर मधे होणार, म्हणजे खेकडा कुठंही धरलेला असू दे, दंड आणि मनगटाकडचा भाग साधारण सारख्याच लांबीचे पडणार, मोजमाप कुणी करायलाच नको, भूमिती आपोआप सुटली. काम झालं की कोपर गायब. नाद खुळा!

मग आठ हात एकमेकांत गुंतत कसे नाहीत? २०१४ मध्ये दिसलं की तोडलेला हातसुद्धा ऑक्टोपसच्या कातडीला चिकटत नाही, पण कातडी सोललेल्या हाताला मात्र तो पकडतो. कातडीतलंच कुठलंतरी रसायन सकरला थांबवतंय. मेंदूला काहीच कंट्रोल नाही असंपण नाही हां, २०११ च्या एका प्रयोगात ऑक्टोपस डोळ्यांनी बघून एकच हात चक्रव्यूहातनं नीट नेऊन खाऊ काढायला शिकले होते.

हे सगळं सोडून आपल्या फुटबॉलवेड्या पेठांना ऑक्टोपस म्हटलं की आठवतो पॉल, जर्मनीतल्या मत्स्यालयातला मॅचचा निकाल आधीच सांगणारा ऑक्टोपस. २०१० च्या वर्ल्ड कपला आठपैकी आठ अंदाज बरोबर, भविष्य कळतंय म्हणे. नाणं उडवून आठवेळा बरोबर यायची शक्यता २५६ त एक, आणि त्यावेळी जगभरात किती जनावरं कामाला लावली होती विचारू नका. सिंगापूरच्या मणी पोपटानं फायनलला नेदरलँड्स काढलं आणि जिंकलं स्पेन, त्या पोपटाचं नाव आज कुणाला आठवतंय? खुद्द पॉल २००८ च्या युरो कपमध्ये दोनदा चुकला होता.

पुस्तकांत अलीकडं वारं फिरलंय. पीटर गॉडफ्री-स्मिथ या तत्त्वज्ञाच्या २०१६ च्या 'अदर माइंड्स'नं हातांमधल्या या कारभारावर बरंच लिहिलं, कादंबऱ्यांतपण ऑक्टोपस खलनायक राहिला नाही. शेल्बी व्हॅन पेल्टच्या २०२२ च्या 'रिमार्केबली ब्राइट क्रीचर्स'मध्ये तर मत्स्यालयातला मार्सेलस स्वतःच काही प्रकरणं सांगतो. पुस्तक गोड आहे, पण माझी तक्रार एकच, तिथंपण 'मी' म्हणून बोलतंय ते डोकंच. दोन तृतीयांश न्यूरॉनवाल्या हातांना एक प्रकरण तरी द्यायचं की!