सामूहिक साधनेत नेमकं काय घडतं?

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर करून घरी परतलेला साधक सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं ठरवतो. मग डबा, लोकल, मुलांची शाळा यांच्या रेट्यात आधी संध्याकाळची बैठक सुटते, पाठोपाठ सकाळचीही. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका शिबिर केलेल्या जुन्या साधकांना आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला, म्हणजे एकत्र ध्यानाला बसायला, जायला सांगत. हा सल्ला अनेकांना दुय्यम वाटतो. मला तो साधनेचा कणा वाटतो, आणि संशोधनातूनही त्याला बळ मिळतं.

अमेरिकेत 1979 साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगतेवर आधारलेला ताणमुक्तीचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानपरंपरेतून आलेला हा अभ्यासक्रम पहिल्यापासून गटानेच चालतो. त्याचे फायदे शेकडो शोधनिबंधांत मोजले गेले. पण त्यातला किती वाटा श्वासावरच्या लक्षाचा आणि किती सोबतीचा?

2008 साली संशोधकांनी याच अभ्यासक्रमाच्या अनेक तुकड्यांमधल्या सहाशेहून अधिक लोकांची माहिती तपासली. सुरुवातीचा त्रास सारखा धरला, तरी लोकांच्या सुधारणेतला सुमारे 7 टक्के फरक ते कोणत्या तुकडीत होते यावरून पडत होता. आकडा लहान दिसतो, पण मानसोपचारात उपचार करणारी व्यक्ती बदलल्याने पडणारा फरकही साधारण याच घरातला असतो.

2012 चा विस्कॉन्सिन विद्यापीठातला प्रयोग तर मुळाशीच जातो. तिथे ध्यानवर्गाच्या तोडीस तोड दुसरा वर्ग उभा केला. तेवढेच तास, तसाच गट, तसाच घरचा अभ्यास आणि आपल्या विषयावर श्रद्धा असलेला शिक्षक. शिकवायचं मात्र व्यायाम, आहार आणि संगीत. ध्यान अजिबात नाही. दोन्ही वर्गांतल्या लोकांची चिंता आणि अस्वस्थता सारखीच कमी झाली. फरक पडला तो उष्णतेच्या चटक्याने होणाऱ्या वेदनेच्या चाचणीत. तिथे ध्यान शिकलेल्यांना वेदना कमी जाणवू लागली होती.

यावरून ध्यानात काही दम नाही असा निष्कर्ष काढणं चूक आहे. मनाला हलकं करण्याचं बरंचसं काम माणसांची नियमित सोबत करते. संवेदनेकडे न झगडता पाहण्याचं कौशल्य मात्र ध्यानातूनच येतं. आणि ते कमवायला बसून राहावं लागतं. विपश्यनेत अधिष्ठानाच्या, म्हणजे न हलण्याच्या निश्चयाच्या, तासाला हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं असतं. अर्धा-पाऊण तास झाला की गुडघा ठणकू लागतो. घरी एकटे असलो तर आपण पाय सोडतो, जमल्यास फोनही बघतो. धम्महॉलमध्ये शेजारचा निश्चल बसलेला असतो, म्हणून आपणही टिकतो. तेवढ्या वेळात ठणका वाढतो, सरकतो, विरतो, पुन्हा उठतो. वेदना बदलत राहते हे तेव्हा प्रत्यक्ष कळतं. हॉलमध्ये तरंग असतात असं काही साधक म्हणतात. मला तरी हा परिणाम समजून घ्यायला तरंगांची गरज वाटत नाही.

संयुत्त निकाय या पाली ग्रंथातल्या उपड्ढ सुत्तात बुद्धांचा शिष्य आनंद म्हणतो की कल्याणमित्रता, म्हणजे चांगल्या मित्रांची सोबत, हे अर्धं ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धं धम्मजीवन. बुद्ध त्याला अडवतात: अर्धं नव्हे, सगळंच.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. तीव्र नैराश्य किंवा जुना मानसिक आघात असेल, तर दीर्घ मौनात त्रास वाढू शकतो. अशा वेळी आधी डॉक्टरांशी बोलावं आणि बैठक लहान ठेवावी.

मुंबईजवळ गोराईच्या विपश्यना पॅगोडात एका घुमटाखाली आठ हजार साधक बसू शकतात, पण एकत्र बसण्यासाठी खाडी ओलांडायची गरज नाही. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात गावोगावी विहार उभे राहिले. बऱ्याच ठिकाणी रविवारी वंदनेला माणसं जमतातच. वंदना झाल्यावर उठण्याआधी वीस मिनिटं आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देण्याचं ध्यान, केलं, तर वेगळी जागा लागत नाही, वर्गणीही नाही.